कोरड्या सावलीची झाडे : शिरूर-दौंडच्या अंगणांचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. घाटमाथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस इथवर पोचेपर्यंत ओसरलेला असतो. वर्षाचा सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आगेमागे, आणि तोही बेभरवशाचा. भीमा या दोन तालुक्यांच्या मधून वाहते, शिरूरच्या कडेने घोडनदी जाते. नदीकाठी काळी जमीन आहे आणि नदीपासून वर सरकले की मुरमाड माळ सुरू होतो. अशा मुलखात माणूस आधी सावली शोधतो. म्हणून इथल्या प्रत्येक जुन्या घरापुढे, देवळापुढे आणि विहिरीवर एखादे मोठे झाड असते, आणि त्या झाडाखाली काय लावायचे हा प्रश्नही तितकाच जुना आहे.

झाडाखालची जमीन उघड्या माळापेक्षा थंड असते, पण बहुधा अधिक कोरडी असते. दाट शेंडा हलकी सर पानांवरच झेलतो आणि तिचे पाणी तिथेच वाळून जाते. जोराच्या पावसाचे जे पाणी खाली उतरते, ते जमिनीच्या वरच्या थरात पसरलेली मुळे ओढून घेतात. घराच्या आडोशालाही हेच घडते. पागोळ्या पडतात त्या रेषेवर पावसाळाभर चिखल असतो, तर रेषेच्या आत, भिंतीलगतची वीतभर जमीन श्रावणातही भुरभुरीत राहते. उन्हाची आणि पाण्याची अशी दुहेरी तूट सोसणारी झाडे थोडीच असतात. शिरूर-दौंडमध्ये त्यांची निवड कोणा एका बागायतदाराने केली नाही. अवर्षण, सावली, शेळ्या-मेंढ्या आणि घरची गरज या चार चाळण्यांतून जे उरले ते अंगणात आले. पुढे कालवे आले तेव्हा यातली पहिली चाळणी सैल झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस पाणी विकत घ्यायची वेळ आली, तेव्हा ती पुन्हा लागू झाली.

इनामगाव : कोरडेपणाशी पहिला करार

या भागातल्या माणसाने पाण्याच्या तुटीशी कसे जमवून घेतले, याचा सर्वांत जुना सविस्तर पुरावा शिरूर तालुक्यातील इनामगावात सापडला. घोडनदीच्या काठावरील या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. वसाहतीचा काळ साधारण इ. स. पू. १६०० ते ७०० असा ठरवण्यात आला. लोक मुख्यतः सातू पिकवत. गहू, मसूर आणि इतर कडधान्येही सापडली. पुराचे पाणी वळवण्यासाठी काढलेला पाट आणि त्याच्या कडेचा बांध यांचे अवशेषही तिथे मिळाले.

इ. स. पू. १००० नंतरच्या थरांत चित्र पालटते. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेतीचा वाटा घटतो, शिकार आणि पशुपालन वाढते. हवामान अधिक कोरडे झाल्याचा हा परिणाम असावा, असे उत्खननकर्त्यांनी मांडले. पीक कमी पाण्याचे निवडायचे, पाणी मिळेल तेवढेच वळवायचे आणि उरलेली गरज माळावरच्या झाडाझुडपांवर भागवायची, ही या मुलखाची पुढील तीन हजार वर्षांची रीत इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते.

माळावरचे वाफे

अंगणातल्या कोरड्या सावलीची बरीचशी झाडे माळावरून आली. शिरूर-दौंडचे मूळ रान घनदाट नव्हते. गवताळ माळ, त्यात विखुरलेल्या बाभळी, हिवर, बोरी, हिंगणबेट आणि मध्येमध्ये तरवडाची झुडपे असे त्याचे रूप होते. धनगरांचे कळप दरवर्षी याच माळांवरून फिरत. कोवळा अंकुर शेळीच्या तोंडून वाचायचा तर त्याला आडोसा हवा, आणि तो आडोसा बोरीच्या किंवा हिवराच्या काट्यांत मिळे. त्यामुळे काटेरी झाडाच्या बुंध्याशी सावलीत वाढणाऱ्या वनस्पतींचा एक वेगळाच घोळका जमत असे. माळावरचे हे आयते वाफे होते.

त्यात शतावरी पहिली. तिची पाने म्हणून ओळखले जाणारे भाग सुईसारखे बारीक असल्याने पाणी फार उडत नाही, आणि मुळाशी रसाळ कंदांचा झुबका असतो. उन्हाळ्यात वरचा वेल वाळला तरी पहिल्या पावसात नवा कोंब फुटतो. कळलावीची रीत याहून टोकाची आहे. ती पावसाळ्यात चढते, लालपिवळी फुले देते आणि हिवाळ्याच्या तोंडाशी सगळी जमिनीखाली जाते. तिचा कंद विषारी असल्याने जनावरे तिला तोंड लावत नाहीत.

अडुळसा सावलीत उंच वाढतो, मुरमात तग धरतो आणि त्याच्या कडू पानांमुळे शेळीही त्याला टाळते. जी शेळी जवळपास काहीही खाते तिने सोडलेले झाड कुंपणाला उत्तम, हा सरळ हिशेब होता. चित्रकाची मुळे दाहक असल्याने तेही सुरक्षित राहिले. कोरांटीने काट्यांचा मार्ग पत्करला. हाडसांधीचे चौकोनी, मांसल खोड पाणी साठवते आणि टंचाईत पाने गाळून टाकते. गुळवेल तर खोड बुडाशी तोडले तरी वरून लोंबत्या मुळ्या सोडून पुन्हा जमीन गाठतो. आघाडा कोणी लावत नाही, पण त्याची काटेरी फळे कपड्यांना आणि जनावरांच्या केसांना चिकटून सावलीच्या प्रत्येक कोपऱ्यात पोचतात.

यातल्या जवळजवळ प्रत्येक वनस्पतीला घरगुती औषधांत जागा आहे. खोकल्याला अडुळसा, तापाला गुळवेल, बाळंतिणीला शतावरी, मुका मार लागला तर हाडसांधी. जनावर टाळते त्या वनस्पतीत बहुधा तीव्र रस असतो, आणि तोच औषधाच्या कामी येतो. त्यामुळे शेळीची चाळणी आणि वैद्याची चाळणी अनेकदा एकाच झाडावर येऊन थांबल्या.

पार, आमराई आणि चिंचबन

मोठ्या झाडाखाली काहीच लावायचे नाही, हेही एक उत्तर होते. गावातल्या वड-पिंपळाभोवती दगडमातीचा पार बांधला की मुळांवरची जमीन तुडवली जात नाही, बसायला जागा होते आणि खाली हिरवळ हवी हा आग्रहच उरत नाही. वडाची दाट सावली आणि त्याची हावरी मुळे पाहता हा निर्णय बागकामाच्या दृष्टीनेही शहाणपणाचा होता.

चिंचेचे झाड मुळात आफ्रिकेतले, पण फार प्राचीन काळी भारतात येऊन इथलेच झाले. कोरड्या हवेत शंभर-दीडशे वर्षे सहज उभे राहणारे, खोल मुळांचे आणि फळातून उत्पन्न देणारे हे झाड पूर्व पुण्याच्या गावांना मानवले. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली हे गाव चिंचा आणि मोर या दोहोंसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या चिंचा पेशवाईत लावल्या गेल्याचे गावकरी सांगतात. चिंचेखाली दुसरे झाड धड वाढत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. बारीक पानांचा आंबूस थर, दाट मुळे आणि वर्षभराची सावली ही त्याची कारणे. चिंचेखाली झोपू नये हा समजही खेड्यापाड्यांत पक्का आहे. म्हणून चिंचबनाची जमीन मोकळीच ठेवत आणि जनावरे बांधायला, खळ्याला किंवा बाजाराला वापरत.

आमराईचे गणित वेगळे होते. मराठेशाहीत फळझाडांना राजाश्रय होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडांवर आंबे, फणस, चिंचा, वड, पिंपळ अशी झाडे लावून जोपासण्याचा उपदेश आहे. आंबा-फणसासारखी झाडे वाढायला बरीच वर्षे लागतात, म्हणून रयतेच्या राजीखुषीवाचून ती तोडू नयेत, असेही तिथे बजावले आहे. आमराई विहिरीच्या आधाराने लावत. आंबे मोठे झाल्यावर मोटेचे पाणी कमी लागे आणि खालची जमीन पुन्हा कोरडी पडे. तिथे हळद, आले अशी ओलीची पिके घेणे नदीकाठच्या मळ्यांतच परवडे. इतरत्र आमराईखाली गवत आणि पाचोळा राहू देत.

शिरूर तालुक्यातले पाबळ हे बाजीराव पेशव्यांनी मस्तानीला इनाम दिलेले गाव. १७४० मध्ये तिचा मृत्यू झाला आणि तिची समाधी तिथेच आहे. पुण्यातल्या पेशवेकालीन बागांना कात्रजहून आणलेल्या नळाचा आधार होता. पाबळसारख्या दूरच्या गावात विहिरीखेरीज दुसरा आधार नव्हता. राजधानीतली जाई-जुई, केवडा आणि कारंज्यांची बाग पूर्वेकडे जसजसे जावे तसतशी आक्रसत गेली, याचे कारण एवढेच.

पांढरीतले अंगण

खेड्याची जमीन काळी आणि पांढरी अशी दोन नावांनी ओळखली जाते. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या भिंतींची माती, राख आणि चुना मिसळलेली ही पांढरीची जमीन चुनखडीयुक्त असते. अंगणातल्या झाडाला सावली आणि पाण्याची तूट यांबरोबर हीही अडचण सोसावी लागे.

तळेगाव ढमढेऱ्यासारख्या सरदारांच्या गावातला वाडा असो की दौंडकडचे साधे धाब्याचे घर, झाडांची मांडणी सांडपाण्याने ठरे. न्हाणीच्या मोरीचे पाणी जिथे जाई तिथे ओली सावली तयार होई. तिथे अळू, केळ, कर्दळ आणि गवती चहा. तुळशीवृंदावन चौकात किंवा दारापुढे, जिथे ऊन पडे आणि रोजचा तांब्याभर पाण्याचा नेमही होता. या दोन जागा सोडून उरलेले परसू कोरड्या सावलीचे. कडुनिंबाखाली कढीपत्ता, गोठ्याच्या भिंतीला अडुळसा, आडाच्या कठड्यापासून दूर कोरफड, मागच्या दाराशी पानओवा आणि गुलबक्षी.

कढीपत्ता लहानपणी सावली मागतो. मोठा झाल्यावर तो बुडातून नवे फुटवे काढून स्वतःची जाळी करतो. कोरफड मूळ अरबस्तानातली, पण तिची पाने जाड आणि मेणचट असल्याने ती इथे सहज रुळली. उपटून दाराला उलटी टांगलेली कोरफड कित्येक महिने हिरवी राहते. दृष्ट लागू नये म्हणून पाळल्या जाणाऱ्या या प्रथेतून तिच्या चिवटपणाचे जणू रोज प्रात्यक्षिक होई. मात्र भर उन्हात तिची पाने तांबूस पडतात आणि विरळ सावलीत ती अधिक टवटवीत दिसते, हे गृहिणींना ठाऊक होते.

गुलबक्षी मूळ अमेरिका खंडातली. युरोपीय व्यापाराच्या काळात ती भारतात आली आणि एतद्देशीय वाटावी इतकी घरची झाली. तिचे मूळ गाजरासारखे जाड असते. उन्हाळ्यात वरची झुडपे करपली तरी पावसाबरोबर ती पुन्हा उगवते, शिवाय काळे बी आपोआप पडून रुजते. अर्धवट सावलीत संध्याकाळी उमलणारी ही फुले खेड्यातल्या परसात काहीही खर्च न करता मिळत.

देवपूजेचाही या निवडीत वाटा होता. अष्टविनायकांपैकी रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यात आहे आणि सिद्धटेक दौंडच्या पलीकडे, भीमेच्या दुसऱ्या तीरावर. भाद्रपदात गणपतीला वाहायच्या पत्रींत आघाडा, डोरली, धोत्रा, रुई, शमी, बोर, बेल, कण्हेर ही नावे येतात. यांतील बरीच झाडे पाणी न घालता बांधावर, पडक्या भिंतीशी आणि झाडोऱ्यात उगवणारी आहेत. पत्री गोळा करायची असल्याने परसातला आघाडा तण म्हणून सरसकट उपटला जात नसे.

छावणी आणि परदेशी रोपे

१८०२ च्या वसईच्या तहानंतर इंग्रजांची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात आली आणि तिचे मोठे ठाणे शिरूरला, म्हणजे घोडनदीला पडले. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहूनच निघाली होती. पुढे पूना हॉर्स या घोडदळाचे केंद्र बराच काळ इथे राहिले. छावणीबरोबर बंगला आला, आणि बंगल्याबरोबर व्हरांडा, कंपाउंड व कुंड्या.

कुंडीने जुने गणित बदलले. जमिनीतल्या मुळांची स्पर्धा टळली आणि पाणी घागरीने मोजून देता येऊ लागले. भिश्ती आणि माळी यांच्या जोरावर दख्खनच्या छावण्यांतल्या व्हरांड्यांत नेचे, क्रोटन आणि कॅलेडियम दिसू लागले. ही हौस पगारी नोकरांवर उभी असल्याने गावात फारशी झिरपली नाही. गावात गेली ती कुंपणाची झाडे. आफ्रिकेतला शेर, अमेरिकेतले घायपात आणि फड्या निवडुंग यांनी बांध आणि वाटा व्यापल्या. निवडुंग तर पुढे इतका माजला की गावठाणाच्या कडेची जमीन त्याने गिळली. १९२० च्या दशकात त्यावर जगणारा कोचिनील जातीचा कीटक भारतात सोडण्यात आला, त्यानंतर निवडुंग आटोक्यात आला.

वनस्पतींची पद्धतशीर पारख याच काळात पुण्याजवळ सुरू झाली. दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाची सूत्रे १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होती. जुन्नरजवळ हिवरे इथेही त्यांच्या देखरेखीखाली एक बाग होती. सरकारी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती वाढवणे हे या बागांचे एक काम होते. १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. डोंगरावरचे रान गेले तर झरे आणि पाऊस यांवर परिणाम होतो, असे त्यांचे मत होते. दापोडीची बाग १८६० च्या दशकात बंद झाली आणि १८७३ मध्ये गणेशखिंडीचे उद्यान सुरू झाले. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. दख्खनच्या माळावरची झुडपे त्यात शास्त्रीय नावांसह नोंदली गेली.

रेल्वे, कालवा आणि केडगाव

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८५८ मध्ये पुण्याहून दौंडला पोचली. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन बनले. रेल्वेने सावलीचा एक नवा नमुना आणला. ओळीत बांधलेली क्वार्टर, त्यांच्यापुढे कडुनिंब, पुढे मादागास्करहून आलेला गुलमोहर, आणि रुळांच्या कडेला घायपाताचे कुंपण. घायपाताला पाणी लागत नाही, जनावर त्याला शिवत नाही आणि पानांतून वाख निघतो, म्हणून हे कुंपण स्वस्तात पडे.

१८७६–७८ च्या दुष्काळाने पूर्व पुण्याचे कंबरडे मोडले. खडकवासल्याच्या धरणातून निघालेला मुठा उजवा कालवा याच दशकात पूर्वेकडे सरकत होता. दौंड तालुक्यातल्या पाटसच्या बाजूला कालव्याचे पाणी आले आणि माटोबा तलावासारखे साठे तयार झाले. कालव्याखालच्या गावांत ऊस, केळी आणि फुलमळे वाढले. परसातही कर्दळ, अळू, जास्वंद आणि मोगरा यांची गर्दी झाली. कालव्याच्या वरच्या अंगाच्या गावांत मात्र जुनीच झाडे टिकून राहिली. पाटाची एक रेघ ओलांडली की अंगणातली झाडे बदलत.

कोरड्या जमिनीवर आखून झाडे लावल्याचे या भागातले ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. विधवांसाठी चालवलेल्या आपल्या शारदा सदन या संस्थेला उत्पन्नाचे साधन हवे म्हणून त्यांनी १८९० च्या दशकात दौंड तालुक्यातील केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळबाग लावायला घेतली. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि स्त्रिया आणल्या, तेव्हा हीच जागा मुक्ती सदन झाली. विहिरी खणल्या गेल्या. शेकडो स्त्रियांच्या श्रमावर शेती, बाग, छापखाना आणि इतर उद्योग उभे राहिले. उजाड माळावर आधी विहीर, मग सावलीची आणि फळांची झाडे आणि त्यानंतर वस्ती, असा क्रम इथे दिसतो. रमाबाईंचे १९२२ मध्ये केडगावलाच निधन झाले.

१९७२ नंतर

१९६१ मध्ये पानशेत फुटल्यानंतर खडकवासल्याच्या व्यवस्थेची नव्याने आखणी झाली आणि नवा मुठा कालवा दौंड-इंदापूरपर्यंत गेला. शिरूरला चिंचणीचे घोड धरण, चासकमान आणि डिंभे यांचे पाणी टप्प्याटप्प्याने मिळाले. तरीही पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई या बाजूची गावे पाण्यासाठी तहानलेलीच राहिली. १९७२ च्या दुष्काळात शेताचे बांध, पाझर तलाव आणि रस्ते यांची कामे निघाली. १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला आणि लावण्याजोग्या झाडांची सरकारी यादी गावोगाव पोचली.

या यादीत झपाट्याने वाढणाऱ्या परदेशी झाडांचा भरणा होता. उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने चारा आणि सरपण यांसाठी सुबाभळीचा प्रसार केला. गिरिपुष्प हिरवळीच्या खतासाठी बांधावर आले. वेडी बाभूळ त्याआधीच नदीपात्रांत आणि पडीक जागांत पसरली होती. या झाडांनी सावली लवकर दिली, पण जुन्या हिवर-बोरींखाली जमणारा झाडोरा त्यांच्याखाली जमला नाही. सुबाभळीचे बी इतके पडते की तिच्याखाली तिचीच रोपे दाटतात. वेड्या बाभळीच्या जाळीत गवतही मागे हटते.

पाबळमध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. दुष्काळी गावातल्या मुलांनी हाताने काम करत शिकावे हा त्यामागचा विचार होता. जमिनीचा विद्युत रोध मोजून विहिरीची जागा ठरवणे, शेती आणि रोपवाटिका हे विषय तिथल्या शिक्षणात आले. पाण्याचा अंदाज मोजून घेण्याची आणि त्यानुसार लागवड ठरवण्याची सवय यातून रुजली.

याच सुमारास पुणे–सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडी आणि उरुळी कांचनच्या परिसरात शोभेच्या झाडांच्या रोपवाटिका वाढल्या. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती, नगर रस्त्यावरचे बंगल्यांचे प्लॉट आणि शेतघरे ही त्यांची गिऱ्हाइके. पहिल्या लाटेत हिरवळीच्या लॉनला मागणी होती. बोअरचे पाणी खोल गेले आणि टँकर दारात आला, तेव्हा मोठ्या झाडाखालचे लॉन सर्वांत आधी पिवळे पडले. मग कमी पाण्याची, सावलीची रोपे मागितली जाऊ लागली. पश्चिम आफ्रिकेतला स्नेक प्लांट, पूर्व आफ्रिकेतला झीझी, आफ्रिकेचाच स्पायडर प्लांट आणि मेक्सिकोकडचा जांभळ्या पानांचा रिओ ही त्या मागणीची उत्तरे ठरली. झीझीच्या जमिनीखालच्या गाठींत आणि स्नेक प्लांटच्या जाड पानांत पाणी साठते. शतावरी आणि कोरफडीची हीच युक्ती गावच्या परसात आधीपासून होती.

आजची निवड

जुना अनुभव आणि नवी रोपे एकत्र ठेवली, की निवडीचे नियम सावलीच्या प्रकारावरून ठरतात. कडुनिंबाची सावली विरळ आणि हलती असते. त्याची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि ऐन उन्हाळ्यापूर्वी नवी पालवी येते, म्हणून खालच्या झाडांना गरजेच्या वेळी आडोसा मिळतो. तिथे कढीपत्ता, कोरांटी, शतावरी, कुंती, कोरफड आणि थोडे पाणी देता आले तर अबोली चालते. आंब्याखाली बारमाही गडद सावली असते. तिथे अडुळसा, स्नेक प्लांट आणि पाचोळ्याच्या थरात पानफुटी टिकते. चिंच आणि वड यांच्याखाली जमीन खोदून मुळे दुखावण्यापेक्षा पार बांधणे किंवा कुंड्या ठेवणे आजही योग्य. बाभूळ-बोरीखाली गुळवेल, हाडसांधी आणि कळलावी आपल्या मूळ ठिकाणी असतात. लहान मुले असलेल्या घरात कळलावी मात्र टाळावी.

भिंतीच्या सावलीत दिशेला महत्त्व आहे. शिरूर आणि दौंड सुमारे साडेअठरा ते पावणेएकोणीस अक्षांशांवर आहेत. मेच्या मध्याला इथे शून्य सावली दिवस येतो, आणि तेव्हापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. वर्षभर सावलीत असलेली उत्तर भिंत नेमकी मेच्या उत्तरार्धात, पाऊस येण्याआधी उन्हात येते. तिथे नाजूक पानांची रोपे करपतात. अडुळसा, हाडसांधी आणि चित्रक तग धरतात. पूर्वेच्या भिंतीला सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली मिळते, म्हणून पानओवा, गुलबक्षी आणि कढीपत्ता यांना ती सर्वांत सोयीची. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते आणि रात्रीपर्यंत धग सोडते. तिथे कोरफड आणि घायपात बरे. जिन्याखाली आणि छपराखाली पाऊस कधीच पोचत नसल्याने तिथे कुंडीतला झीझी किंवा स्नेक प्लांट एवढाच पर्याय उरतो.

लावणीची वेळही जुनीच आहे. वळवाचे दोन पाऊस झाले की खड्डे भरायचे आणि मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की रोप लावायचे, म्हणजे चार महिन्यांत मुळे धरतात. खड्डा मोठ्या झाडाच्या जाड मुळांपासून दूर घ्यावा आणि आळे बुंध्यापासून बाहेर असावे. पाचोळा झाडून जाळू नये. तो ओल धरतो आणि कुजून पांढरीच्या चुनखडीला उतार देतो. पहिल्या उन्हाळ्यात रोपाशेजारी बुडाला बारीक भोक पाडून वात बसवलेले मडके पुरतात आणि आठवड्यातून एक-दोनदा भरतात. पाणी थेंबाथेंबाने मुळाशी जाते आणि वरची जमीन कोरडी राहिल्याने मोठ्या झाडाची मुळे तिकडे कमी वळतात. दुसरा पावसाळा पाहिलेल्या अडुळशाला, शतावरीला किंवा कोरांटीला त्यानंतर वेगळे पाणी द्यावे लागत नाही. रोज पाणी दिले, तर त्यांची मुळे कुजण्याचाच धोका अधिक असतो.